शेवटची बारीक ओळ

ब्लॉग सुरू करायला फारसं काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. एक फोन लागतो, एक नाव लागतं आणि आपलं म्हणणं ऐकायला जग खोळंबलंय असा ठाम गैरसमज लागतो. फोन आईचा होता. गैरसमज माझा स्वतःचा.

नावावरून मात्र माझी आणि गोटीची जुंपली. गोटी म्हणजे बाकावरची माझी शेजारीण. बुटकी, टणक, आणि जिथे शिरायचं नाही तिथे घरंगळत जाऊन पोचणारी. तिला 'स्वप्नपंख' असलं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, असल्या नावाचा ब्लॉग मी स्वतःसुद्धा उघडणार नाही, लोकांचं सोड. शेवटी प्रश्न आत्याने सोडवला, आणि तोही नकळत. जेवताना मी कशावर तरी माझं मत दिलं आणि ती वाटी पुढे सरकवत म्हणाली, "तुला कोणी विचारलं?" मी ताटावरून उठून गोटीला फोन केला. ब्लॉगचं नाव ठरलं: 'मला कोणी विचारलं?'

पहिली पोस्ट माझ्याविषयी होती. दुसरी शाळेतल्या गळक्या नळाविषयी, तिसरी पुन्हा माझ्याविषयी. खाली किती जणांनी वाचलं याचा आकडा दिसायचा आणि तो बघून बघून मीच वाढवत होते. नवशिक्यांसाठीच्या सल्ल्यांमध्ये सगळीकडे एकच लिहिलेलं असायचं, की जे रोज बघता त्यावर लिहा, आणि न घाबरता लिहा. आता, न घाबरणं हे मला नुकतंच जमायला लागलं होतं. नवा फ्रॉक मिळालेली लहान मुलगी जशी कारण नसताना गिरक्या घेते, तशी मी ते जिथेतिथे वापरत होते.

माझे पहिले खरे वाचक मिळवून दिले बाबांनी.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. ते डोळे तपासतात, काचा कापतात, फ्रेममध्ये बसवतात आणि मग गिऱ्हाइकाच्या कानामागे इतक्या हळुवारपणे चष्मा अडकवतात की आत्या म्हणते, हिचं बारसं करतानासुद्धा हा एवढा जपून वागला नव्हता. जवळचा नंबर काढायला त्यांच्याकडे वाचायचा एक तक्ता होता. वरची ओळ ठसठशीत, मग प्रत्येक ओळ बारीक होत जाते, आणि सगळ्यात खालची म्हणजे मुंग्यांची रांग. तक्ता चांगला होता, पण जुना होता. नेहमीची गिऱ्हाइकं दर दोन वर्षांनी यायची आणि त्यांना तो पाठ झाला होता. आमचे पोस्टमनकाका, म्हणजे निवृत्त झालेले आणि आता रोज पेपर वाचायला दुकानात येऊन बसणारे, ते तर डोळे मिटून शेवटची ओळ म्हणून दाखवायचे. बाबा वैतागायचे. पाठ झालेलं वाचून कोणाचा नंबर निघतो?

म्हणून बाबांनी माझी गळक्या नळाची पोस्ट घेतली, अक्षरं लहान लहान करत एका जाड कागदावर छापली आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

मला आधी लाजल्यासारखं झालं, मग अजिबात झालं नाही. दुकानात बसून मी ऐकायचे. एखाद्या आजी चाचणीची ती गोल जड फ्रेम नाकावर सावरत माझी वाक्यं एकेक करून मोठ्याने वाचायच्या. कुठे अडखळल्या तर बाबा काच बदलायचे, आणि आजी तेच वाक्य पुन्हा वाचायच्या. असे वाचक कुठल्या लेखकाला मिळतात? मी नवीन लिहिलं की बाबा नवीन कागद काढायचे. मजकूर कसा वाटला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "मी मजकूर बघत नाही बाळा, मी अक्षरं बघतो." पण गिऱ्हाइकाला मात्र हमखास सांगायचे, हे आमच्या मुलीने लिहिलंय.

आणि मग मी दुर्बिणीवर लिहिलं.

दुर्बीण म्हणजे आमच्या भूगोलाच्या बाई. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण वर्गाबाहेर नेलं ते मी. बाईंना जवळचं दिसत नव्हतं आणि त्या चष्मा लावत नव्हत्या. हजेरीची वही हात ताणून लांब धरायच्या, मग मान मागे घ्यायच्या, तरी कोणाचं तरी नाव कोणाला तरी लागायचंच. शाळेच्या सूचना आल्या की कागद तसाच पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "कोणीतरी उठा आणि वाचा." मी पहिल्या बाकावर, त्यामुळे ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात केवळ हजर असायचे. मला कंठ फुटला तो त्या सूचना वाचता वाचता. पोस्ट लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण त्यात गंमत नव्हती, म्हणून घेतलं नाही.

पोस्ट अशी होती.

'आमच्या शाळेत एक दुर्बीण आहे.

ती दोन पायांवर चालते आणि भूगोल शिकवते.

वाळवंट दाखवायला जाते आणि बोट समुद्रात बुडवते.

हजेरी घेताना वही इतकी लांब धरते की याहून लांब हात हवा असेल तर शेजारच्या वर्गातून उसना आणावा लागेल.

आठवड्यातून दोनदा तिचा स्वेटर उलटा असतो. घरी आरसा नाही, की "अगं, उलटा घातलायस" म्हणणारं माणूस नाही, कोण जाणे.'

वर्गात फोन या बाकावरून त्या बाकावर फिरला. आकडा पहिल्यांदाच माझ्या मदतीशिवाय वाढला. सगळ्यात जास्त हसू शेवटच्या ओळीला आलं. बाई आणि त्यांची थोरली बहीण एकत्र राहायच्या आणि ती बहीण मागच्या वर्षी वारली, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर ती ओळ सुचली.

बाबांनी कागद छापताना पहिली ओळ बघून हसून विचारलं, ही दुर्बीण कोण गं? मी म्हटलं, काल्पनिक पात्र आहे. ते खूश झाले. मुलगी आता पात्रंसुद्धा काढायला लागली, असं त्यांनी पोस्टमनकाकांना सांगितलं, आणि काकांनी तो कागद त्याच दिवशी दोनदा वाचला.

शनिवारी दुपारी मी दुकानात फ्रेमा पुसत होते. दार वाजलं आणि बाई आत आल्या. अंगात तपकिरी स्वेटर होता आणि त्याच्या शिवणी बाहेरून दिसत होत्या.

मी फडकं घेऊन काउंटरच्या मागे अशी वाकले की जणू खालच्या कप्प्यात काहीतरी बिघडलंय. बाईंनी मला पाहिलं होतं. त्या मानेनेच हसल्या आणि बाबांना म्हणाल्या, की पुष्कळ दिवस टाळलं, आता मुलांचे पेपर तपासायला त्रास होतो, तर म्हटलं आपल्याच विद्यार्थिनीच्या दुकानात जावं. बाबांनी खुर्ची पुसून दिली. फ्रेम चढवली, एक काच घातली, दुसरी घातली. मग माझ्याकडे अभिमानाने बघत त्यांनी तो कागद काढला.

मला ओरडता आलं असतं. जुना तक्ता द्या, म्हणता आलं असतं. फ्रेमांचा ट्रे पाडता आला असता. इतके दिवस ज्याला त्याला न विचारता मत देत सुटलेली मी, त्या वेळी हातात फडकं धरून नुसती उभी राहिले.

"मोठ्याने वाचा," बाबा म्हणाले.

बाईंनी पहिली ओळ वाचली. आमच्या शाळेत एक दुर्बीण आहे. वर्गात धडा वाचतात त्याच आवाजात, स्पष्ट. दुसरी वाचली. भूगोल या शब्दापाशी एक बारीकसा थांबा आला, बाबांना तो नजर अडल्यामुळे आलेला वाटला आणि त्यांनी लगेच काच बदलली. म्हणाले, पुन्हा वाचा. बाईंनी पुन्हा वाचलं, दोन पायांवर चालते आणि भूगोल शिकवते. तिसरी ओळ वाचली. चौथी वाचली, सगळी, उसन्या हातासकट. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, पण फरशी पक्की होती.

पोस्टमनकाका पेपर खाली ठेवून हसत होते. त्यांना तो कागद पाठ होता. "थांबू नका बाई, वाचा," ते म्हणाले. "खरी गंमत तर शेवटी स्वेटरची आहे."

असं म्हणता म्हणता त्यांची नजर बाईंच्या स्वेटरवर गेली. खांद्याच्या शिवणीवर. हसू तोंडातच राहिलं आणि त्यांनी पेपर उचलून तोंडापुढे धरला.

बाबांचं कुठेच लक्ष नव्हतं. डोळे तपासताना त्यांना माणसाचे फक्त डोळे दिसतात.

बाई कागदाकडे बघत होत्या. त्यांची बुबुळं ओळीवरून सरकताना मला काउंटरवरून दिसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. मग त्या म्हणाल्या, "इथून पुढचं दिसत नाही."

बाबांनी जास्त नंबरची काच घातली. आता? नाही. आणखी जास्त. आता? नाही. बाबा चक्रावले. चौथी ओळ इतकी सरळ वाचली आणि पाचवीला एकही अक्षर नाही? त्यांनी आणखी एक काच घातली. म्हणाले, प्रयत्न तरी करा, पहिला शब्द तरी मोठ्याने वाचा. बाई म्हणाल्या, "ही बरी वाटते. हीच करा." आणि स्वतःच्या हाताने ती जड फ्रेम काढून त्यांनी बाबांना दिली.

दारापाशी थांबून माझ्याशी एवढंच बोलल्या: "सोमवारी नकाशाची वही आण."

मी त्याच क्षणी मागच्या खोलीत जाऊन पोस्ट उडवून टाकली. बोटाने एकदा दाबलं, फोनने खात्री आहे का विचारलं, मी हो म्हटलं, संपलं. मला खरंच वाटलं, संपलं. गोटीला कळवलं तर ती म्हणाली, उडवलीस कशाला, सगळ्यांकडे फोटो आहेत.

पण तो वाढलेला नंबर बाबांच्या डोक्यात अडकून पडला होता. रात्री जेवताना ते भात चिवडत आईला सांगत होते, की हिच्या बाई आल्या होत्या आज, वयाच्या मानाने नंबर फारच निघाला. असा एकदम वाढत नाही. आतून काही बिघाड असला तर? आई दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, मग चष्मा देताना सांग त्यांना, मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणावं, वेळ घालवू नका. बाबा म्हणाले, सांगतो, पण घाबरतील बिचाऱ्या. घरी कोणी आहे की नाही कोण जाणे.

कोण जाणे. माझेच शब्द.

म्हणजे बाईंना आता चुकीचा चष्मा मिळणार होता. त्यातून बघायला पुस्तक नाकाला लावावं लागणार, रोज डोकं दुखणार, आणि वर डोळ्यांत काहीतरी झालंय ही भीती मोफत. हे सगळं थांबवू शकणारी माणसं दोनच. बाई सांगणार नव्हत्या. रविवारभर मी ठरवत राहिले की निनावी चिठ्ठी टाकू का, पोस्टमनकाकांनाच सांगायला लावू का. निनावी चिठ्ठीत काय लिहिणार होते देव जाणे.

सोमवारी शाळा सुटल्यावर दुकानात गेले तेव्हा बाबा काच यंत्रावर चढवत होते.

"बाबा, ती कापू नका."

"का गं?"

"बाईंना शेवटची ओळ दिसत होती."

"तुला काय माहीत?"

"ती त्यांच्यावर आहे," मी म्हटलं. "सगळंच त्यांच्यावर आहे."

बाबांनी यंत्र बंद केलं. खणातून कागद काढला आणि स्वतःचा चष्मा वर सारून, जवळ धरून, पहिल्यांदाच अक्षरं सोडून मजकूर वाचला. शेवटच्या ओळीला त्यांना बराच वेळ लागला. मी वाट बघत होते की आता आवाज चढेल. आवाज चढला असता तर मला रडता आलं असतं.

"आणि मी काय म्हणत होतो त्यांना?" ते कागदाकडे बघतच म्हणाले. "मोठ्याने वाचा. काचा बदलून बदलून म्हणत होतो. पुन्हा वाचा. आणखी मोठ्याने."

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"खुर्चीत मी बसवलं त्यांना."

मग त्यांनी कागद फाडला, लहान लहान तुकडे केले, आणि बराच वेळ त्याच त्या फडक्याने तीच काच पुसत राहिले. मी म्हटलं, फोन करून बोलवा ना त्यांना. ते म्हणाले, "काय सांगू? नंबर चुकला? माझा नंबर चुकत नाही. तू जाऊन सांग, कशाने चुकला ते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. कितीतरी वाक्यं तयार केली होती, लेखिका ना मी. बाई एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, बाबांनी पुन्हा बोलावलंय, नंबर नीट निघाला नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना कळलं की तू सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं. पुढची सगळी वाक्यं विसरले आणि फक्त "चुकलं माझं" एवढंच बाहेर आलं, तेही जमिनीकडे बघत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. संध्याकाळी येते, म्हणाल्या.

आल्या तेव्हा बाबा उभेच होते. पोस्टमनकाका त्या दिवशी फिरकले नाहीत. बाबांनी माफी मागितली. मी माझ्या बाबांना कोणाची माफी मागताना कधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी भिंतीवरच्या फ्रेमा बघत राहिले. सगळ्या फ्रेमा माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि खुर्चीत बसल्या. बाबांनी जुना तक्ता पुढे केला.

"हा नको," बाई म्हणाल्या. "हा माझ्या बहिणीला पाठ होता. दर वेळी घरी येऊन म्हणून दाखवायची, त्यामुळे मलाही येतो. तो शनिवारचा द्या."

बाबा म्हणाले, तो फाडला.

"मग हिला लिहू द्या. शेवटची ओळ फक्त. बारीक अक्षरात."

बाबांनी माझ्यापुढे कागद आणि टोकदार पेन्सिल ठेवली. मला वाटलं, दुसरं काहीतरी लिहावं. बाई छान शिकवतात, असं काहीतरी. पेन्सिल टेकवलीसुद्धा. पण मान वर केली तर बाई माझ्याकडे बघत होत्या, पेपर चालू असताना वर्गात बघतात तशा. मी तीच ओळ लिहिली. फोनवर ती बोटांतून आपोआप आली होती. पेन्सिलीने एकेक अक्षर काढावं लागलं. आठवड्यातून दोनदा. तिचा स्वेटर. आरसा. 'माणूस नाही' हे लिहिताना टोक मोडलं आणि बाबांनी दुसरी पेन्सिल दिली.

बाबांनी फ्रेम चढवली, शनिवारी बाईंनी जिच्यातून चौथी ओळ वाचली होती तीच साधी काच घातली आणि या वेळी 'मोठ्याने वाचा' म्हणाले नाहीत. बाईंनी आपण होऊन मोठ्याने वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या 'कोण जाणे'पर्यंत, कुठेही न अडता.

"हाच नंबर," बाबा हलकेच म्हणाले. "डोळे चांगले आहेत तुमचे."

बाईंनी फ्रेम काढली आणि कागद माझ्या हातात दिला.

"यातलं अर्धं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घरी सांगणारं कोणी नाही, ते बरोबर. स्वेटरचं चूक. तो मी उलटाच घालते. बहिणीने विणलाय. तिला गाठी आत लपवायची सवय, त्या मानेला टोचतात." त्यांनी कॉलर जरा बाहेर ओढून दाखवली. आतली बाजू, म्हणजे खरं तर बाहेरची, सुंदर होती. पानांची नक्षी होती तिथे, सगळी अंगाच्या बाजूला. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्या गेल्यावर बाबांनी दिवे लावले. कागद माझ्या हातात तसाच होता. तो टाकायला धीर होईना आणि ठेवायलाही.

चष्मा बुधवारी तयार झाला. बाबांनी तो स्वतः शाळेत नेऊन दिला. गुरुवारी बाई वर्गात आल्या तेव्हा नाकावर साधी काळी फ्रेम होती. मागून कोणीतरी हळूच "दुर्बीण" म्हटलं, दोघीतिघी हसल्या, आणि गोटीने मला कोपराने ढोसलं. मी बाकाकडे बघत राहिले. बाईंनी हजेरी घेतली. सगळी नावं ज्याची त्याला लागली.

मग शिपाई सूचनांचा कागद देऊन गेला. सवयीने मी अर्धी उठले होते. बाईंनी कागद हातात धरला, फार लांब नाही, फार जवळ नाही, आणि स्वतः वाचायला सुरुवात केली. मी हळूच पुन्हा खाली बसले.